शिडी धरा, फॅक्स जोडायचाय

शिडी धरा. दोन्ही हातांनी. आणि मान वर करू नका, डोळ्यांत चुना जाईल. वर दादा उभे आहेत, छताजवळच्या लाकडी पट्टीमागून टेलिफोनची वायर ओढतायत, आणि त्यांच्या रबरी चपलेतलं पावसाचं पाणी टपटप तुमच्या मनगटावर पडतंय.

आपण कुठे आहोत, ते हात न सोडता ऐका. मुंबई, बॅलार्ड इस्टेट, १९९२ सालचा जुलै. मघाशी व्हीटीला उतरून, जीपीओला वळसा घालून, घोटाभर पाण्यातून तुम्ही इथवर चालत आलात, म्हणून तर पँटचे पाय अजून पोटऱ्यांना चिकटलेत. तुम्हाला आजच्यापुरतं बावीस वर्षांचं अंग दिलंय. वरच्या खिशात टेस्टर, मागच्या खिशात पक्कड, पाकिटात डोंबिवली ते व्हीटी सेकंड क्लासचा पास. ईपीएबीएक्स बसवणाऱ्या मेकॅनिकच्या हाताखाली तुम्ही नवीन लागलायत. वाचणाऱ्या कुणी बाई असतील, तर त्याही आज पोऱ्याच. ह्या कामावर मुली पाठवत नाहीत; ऑपरेटरच्या खुर्चीत मात्र बाईच हवी असते. तक्रार परत गेल्यावर करा, आत्ता शिडी सोडू नका.

नाक काम करतंय ना? खिळ्यांवर टांगलेले ओले रेनकोट, कार्बन पेपर, डिंक, भिंतीतली ओल, आणि कुणाच्या तरी डब्यातून आत्तापासूनच सुटलेला सुकटीचा वास. कचेरी क्लिअरिंग एजंटची. बंदरात उतरलेला लोकांचा माल कस्टममधून सोडवून द्यायचा, हा धंदा. तो सगळा कागदावर चालतो, त्यामुळे जिकडे पाहाल तिकडे कागद, आणि डोक्यावर पंखे पूर्ण वेगात. म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर काहीतरी जड ठेवलेलं: काचेचा गोळा, शिक्क्याची डबी, एका टेबलावर तर चक्क जहाजाचा गंजका नट. पंखे बंद करा म्हणावं, तर घामानं कागद कोपराला चिकटून येतात. टाइपरायटरांचा ताशा चालूच आहे. कोपऱ्यात टेलेक्सचं धूड बसलंय. कालपर्यंत हॅम्बुर्गची खबर तेच आणायचं, खडखडत, सगळी कॅपिटल अक्षरं. आज सगळ्यांची पाठ त्याच्याकडे आणि तोंडं खिडकीजवळच्या टेबलाकडे.

त्या टेबलावर ते बसलंय. राखाडी, बसकं, कुशीला रिसीव्हर अडकवलेला. साहेबांच्या मेव्हण्यांनी सिंगापूरहून आणलेलं फॅक्स मशीन. शिपाईमामांनी सकाळीच त्याला हळदकुंकू वाहून वर झेंडूचं फूल ठेवलंय, आणि फूल घरंगळून नेमकं कागद बाहेर यायच्या फटीत बसलंय. ते आधी काढा. प्लगला चौकोनी पिना, आपल्या सॉकेटला गोल भोकं; म्हणून ॲडाप्टर; ॲडाप्टर ढिला, म्हणून खाली काड्यापेटीचा पुठ्ठा. हां, दिवा लागला. इथवरचं काम कुणीही केलं असतं. दादांना बोलावलंय ते पुढच्यासाठी.

"हे आपल्या बोर्डाला जोडून द्या," असं म्हणून साहेब केबिनमध्ये गेले. एवढंच वाक्य.

बोर्ड म्हणजे पॅसेजमध्ये, मोरीच्या दाराशेजारी भिंतीवर ठोकलेली पत्र्याची पेटी. ईपीएबीएक्स, चार बाय चोवीस. बाहेरून चार लाइनी आत येतात आणि आत चोवीस टेबलांवर चोवीस फोन. ह्या लाइनी १९८६ सालापासून एमटीएनएलच्या, पण दादा त्यांना अजून 'पी अँड टी' म्हणतात. तुम्हीही तेच म्हणा. पाचवी लाइन मागता येते. अर्ज करायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. म्हणून साहेबांचा हिशोब सरळ होता: जुने हेडक्लार्क रिटायर झाल्यापासून सत्तावीस नंबरचं एक्स्टेन्शन रिकामं आहे, त्यात फॅक्स खुपसा. बाकीचे तेवीस जण बोलतात त्याच लाइनींवर तोही बोलेल.

दादांना हे पटलेलं नाही. पण पैसे देणारा म्हणेल ते आधी करून दाखवायचं आणि ते का चालत नाही हे त्याला त्याच्याच डोळ्यांनी बघू द्यायचं, ही त्यांची रीत. धंद्यात मुरलेल्या माणसाची रीत आहे ती. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आता पेटीसमोर उकिडवे बसा. झाकण उघडलं की तोंडावर गरम हवा येते आणि तापलेल्या धुळीचा वास. आत कार्डं उभी रचलेली, बाजूला टॅग ब्लॉक: कल्हईच्या बारीक पट्ट्यांच्या रांगा, प्रत्येक पट्टीला एक तार डाग दिलेली. ह्या रानातून सत्तावीसची जोडी शोधायची. सापडली? बघू. "सोल ती," दादा वरून सांगतात. वायर सोलायचं हत्यार पिशवीत आहे आणि पिशवी शिडीच्या टोकाला. मग तुम्ही ह्या कामावरची सगळी पोरं करतात तेच करता. वायर दाढेत धरून ओढता. तोंडात प्लास्टिकची कडसर चव येते.

नेमकं तेव्हाच दादा ओरडतात, "बाई, सत्तावीसला जरा रिंग द्या हो! जोडी तपासायचीय."

फोनची लाइन नुसती पडून असते तेव्हा तिच्यात पन्नासेक व्होल्ट डीसी असतात. कोरड्या बोटाला कळतही नाहीत. रिंग आली की तिच्यावर पाऊणशेच्या आसपास एसी चढतात. आणि तुमचं तोंड ओलं आहे. दाढेतून निघालेली कळ कानामागे जाऊन आपटते, डोकं मागे जातं, मोरीचं दार धाडकन वाजतं. निम्मी कचेरी टायपिंग थांबवून हसते. मामा पाण्याचा पेला आणून देतात.

"जोडी बरोबर आहे," दादा म्हणतात.

मग डाग द्यायचा. सोल्डरिंग आयर्न तापलं की राळेचा निळसर धूर नाकात चढतो. हा वास पुढे चार दिवस शर्टाला राहील. पेटीपासून वायर भिंतीच्या कडेनं न्यायची, खिळ्याखिळ्यानं ठोकायची, टेबलाखाली रोझेट बॉक्स बसवायचा, लाल आणि हिरवी तार स्क्रूखाली दाबायची. मशीनच्या पाठीला दोन सॉकेट आहेत. एकावर 'लाइन' लिहिलंय, दुसऱ्यावर 'टेल'. दोन का, हे तुम्ही विचारलंत. दादा नुसते हसले. ते हसणं लक्षात ठेवा. सध्या 'लाइन'मध्ये घाला. टक्.

आता अख्खी कचेरी टेबलाभोवती. तुमच्या खांद्यावर कुणाचा तरी हात, मानेवर कुणाचा तरी श्वास, त्यात तंबाखू. पहिला फॅक्स दादांच्या दादरच्या ऑफिसला जाणार. मामांनी कोऱ्या कागदावर ठसठशीत 'श्री' लिहून दिलाय. अक्षर खाली करून कागद घाला. बाहेरच्या लाइनसाठी आधी शून्य, मग नंबर. स्टार्ट.

कट्कट्कट्कट्. मशीन पल्सवर आहे. आपल्या कितीतरी एक्स्चेंजना अजून टोनची भाषा कळत नाही. नंबर फिरला, पलीकडे घंटी वाजली, कुणीतरी उचललं. छोट्या स्पीकरमधून आवाज आला आणि सगळे श्वास रोखून पुढे वाकले.

"हॅलो? कोण? हॅलो?" एका आजींचा आवाज. मशीननं उत्तर म्हणून बीप दिली. "अगो, कुणी मेला शिट्ट्या मारतोय बघ," असं घरातल्या कुणाला तरी सांगून आजींनी फोन आपटला.

झालं काय, ते तुम्हीच रिसीव्हर उचलून बघा. पहिल्यांदा ऐकू येतो तो बोर्डाचा आतला टोन. शून्य दाबलं की बोर्ड मोकळी पी अँड टी लाइन शोधतो, आत कुठेतरी रिले खट् करतो, आणि मग बाहेरचा खरा डायल टोन येतो. माणूस हे ऐकतो आणि नकळत थांबतो. मशीनला कुणी थांब म्हटलेलं नव्हतं. त्यानं शून्याच्या शेपटीवरच दादरचा चार फिरवायला घेतला. लाइन जुळेपर्यंत चारातला एक ठोका वाया गेला, चारचा तीन झाला, आणि दादरऐवजी फोन गिरगावात वाजला.

उपाय मशीनमध्येच आहे. शून्यानंतर 'पॉझ'चं बटण, पडद्यावर एक आडवी रेघ उमटते, म्हणजे दोन-तीन सेकंद गप्प बस. दादा दोन वेळा दाबायला लावतात. पावसात एक्स्चेंज भरलेलं असतं, बाहेरचा टोन उशिरा येतो. शून्य, रेघ, रेघ, नंबर. ह्या वेळी पलीकडून उंच शिट्टी आली, मग खरखर, मग कागद हळूहळू आत सरकायला लागला आणि मामांचा 'श्री' दादरला पोचला. टाळ्या. साहेब केबिनच्या दारात येऊन उभे राहिले, जणू मशीन त्यांनीच बनवलं.

दादांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. "आता इकडे येऊ दे," म्हणाले.

इथे तुम्हाला बाईंची ओळख करून द्यायला हवी, कारण ह्या कचेरीचं टेलिफोन खातं म्हणजे बोर्ड नव्हे, बाई. दारातून आत आलं की डाव्या हाताला त्यांचं टेबल. पावडर, मोगऱ्याचा गजरा, समोर दिव्यांचा फोन, मांडीवर विणकाम. कस्टम हाउसमधला कुठला कारकून कुठल्या आवाजात खोकतो हे त्यांना ठाऊक. साहेब केबिनमध्ये असूनही कुणासाठी नाहीत, हे त्या न विचारता जाणतात. येणारा प्रत्येक फोन आधी त्यांच्या कानात जातो. 'एक मिनिट हं', मग आत विचारणं, 'अमक्यांचा आहे, देऊ का?', मग जोडणं. हे सगळं त्या एका हातानं, सुईवरचा टाका न सोडता करतात.

दादरहून फॅक्स लागला. बाईंनी उचलला. "नमस्कार, बोला."

बीप.

"हॅलो?"

बीप. पाठवणारं मशीन दर तीन सेकंदांनी अर्धा सेकंद ही शिट्टी वाजवतं, ११०० हर्ट्झची. 'मी माणूस नव्हे' असं सांगायची त्याची ती पद्धत. बाईंना काय माहीत? "चावट मेला," म्हणून त्यांनी ठेवून दिला.

दादांनी समजावलं. पुन्हा लागला. ह्या वेळी बाईंनी बीप ओळखली, लगबगीनं होल्डवर टाकलं आणि सत्तावीस फिरवला. होल्डवर टाकलं की आपला बोर्ड गाणं वाजवतो: बीथोव्हनची 'फर एलीस', पिपाणीवर. देशातले निम्मे बोर्ड हीच धून वाजवत असतील. दादरच्या मशीनला संगीतात रस नाही. नंबर फिरवून झाला की पलीकडच्या यंत्राच्या उत्तराची ते ३५ सेकंदांच्या आसपास वाट बघतं आणि मग सरळ फोन ठेवतं. इकडे सत्तावीस नंबरची घंटी एकदा वाजली, दोनदा, चौथ्यांदा, तेव्हा कुठे आमच्या मशीननं उचललं. बाई रीतीप्रमाणे लाइनवरच थांबल्या होत्या. त्यांनी मशीनला विचारलं, "दादरहून आहे, देऊ का?"

मशीननं २१०० हर्ट्झची शिट्टी त्यांच्या कानात सोडली. रिसीव्हर टेबलावर, विणकाम जमिनीवर, लोकरीचा गुंडा थेट हेडक्लार्कांच्या पायांपर्यंत. दादर केव्हाच गेलं होतं.

हसा, पण बाईंना हसू नका. सत्तर साली असो की नव्वद साली, ऑफिसचा टेलिफोन माणसांसाठी बांधला गेला: कुणीतरी मधे बसेल, ऐकेल, विचारेल, जरा थांबा म्हणेल. आपल्या कचेऱ्यांत मधे कुणी बोलल्याशिवाय कामच होत नाही. फॅक्सला मधे कुणी बोललेलं चालत नाही. सिंगापूरहून आलेल्या मॅन्युअलमध्ये भिंतीला एक सॉकेट आहे आणि त्यात मशीन लावा, एवढं एकच चित्र. चोवीस माणसं, चार लाइनी आणि एक बाई, ही परिस्थिती ते लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आली नसेल.

साहेबांची खात्री पटायला अजून एक गोष्ट व्हायची होती, आणि ती त्यांच्याच हातून झाली. तिसऱ्या खेपेला बाईंनी काही न विचारता जोडलं, शिट्ट्या जुळल्या, कागद बाहेर यायला लागला. केबिनमध्ये साहेबांना राहवेना. त्यांच्या फोनला खास सोय आहे: कुठलंही एक्स्टेन्शन बिझी असलं तरी एक टूं वाजवून मधे शिरता येतं. बोर्ड विकताना ह्याच सोयीचं कौतुक करून विकतात. साहेबांनी सत्तावीस फिरवला, टूं झालं, आणि "आला का हो?" असं त्यांनी विचारलं. कागदावर 'श्री'चा वरचा भाग स्वच्छ. त्याखाली एक काळा पट्टा. त्याखाली काहीच नाही. साहेब बाहेर येऊन म्हणाले, "मशीन खराब दिसतंय." त्यांना कोण सांगणार? कुणीच सांगितलं नाही. दादा म्हणाले, "साहेब, चहा सांगा."

कटिंग आले. ग्लास काठोकाठ, तळाशी आल्याचा चोथा. बाहेर पावसानं पुन्हा जोर धरलाय. खाली जमिनीत, केबलच्या सांध्यांत पाणी शिरतंय, ते इथे रिसीव्हरमध्ये ऐकू येतं, तळणीत काही टाकल्यासारखं. अशा लाइनीवर दोन मशीनं आधी ९६०० च्या वेगानं बोलायचा प्रयत्न करतात, जमलं नाही की ७२००, मग ४८००, शेवटी २४००. एका मिनिटात येणारं पान तीन-चार मिनिटं घेतं, आणि परदेशचा कॉल असेल तर तेवढा वेळ मीटर पळतं. त्यात मधे बोर्ड आणि त्याची कार्डं म्हणजे सिग्नलचा अजून थोडा ऱ्हास. हे सगळं दादांनी दोन घोटांत सांगितलं आणि म्हणाले, "फॅक्स बोर्डाच्या मागे नको. पुढे पाहिजे."

पुढे म्हणजे काय, ते आता बघा, कारण आजच्या दिवसातलं खरं कसब हेच.

चारही लाइनी हंटिंगमध्ये आहेत. लेटरहेडवरचा पहिला नंबर फिरवला आणि तो गुंतलेला असला, की एक्स्चेंज आपोआप दुसरीवर देतं, ती गुंतली तर तिसरीवर. चौथीवर घंटी क्वचित वाजते. पण चौथीचाही स्वतःचा नंबर आहे, आणि तोच थेट फिरवला तर चौथीच वाजते. दादांनी ती चौथी लाइन बोर्डावरून सोडवली. (ह्या वेळी वायर पक्कडीनं सोला. दादांनी न सांगता पिशवी खाली दिलीय.) ती आधी मशीनच्या 'लाइन' सॉकेटात. मग मशीनच्या 'टेल' सॉकेटातून दुसरी वायर परत पॅसेजमध्ये, बोर्डाच्या चौथ्या लाइनीच्या जागी. मघाचं ते हसणं आठवलं? दुसरं सॉकेट ह्यासाठी.

मशीन गप्प असलं की लाइन त्याच्या पोटातून आरपार बोर्डाला मिळते. मशीननं लाइन घेतली की आतला रिले 'टेल'ची बाजू तोडतो. मग बाई नाहीत, गाणं नाही, साहेबांचं टूं नाही. बोर्डापुरती ती लाइन मेली.

मेली म्हटल्यावर लगेच एक घोळ झालाच. हेडक्लार्कांनी शून्य दाबलं, बोर्डानं त्यांना चौथी लाइन दिली, त्यावर तेव्हा फॅक्स चालला होता, कानात शुकशुकाट. "लाइन डेड! लावा १९८!" अशी आरोळी. एमटीएनएलच्या तक्रारींचा नंबर पावसाळ्यात सगळ्यांना तोंडपाठ असतो. दादांनी बाईंच्या फोनवरून बोर्डाचं प्रोग्रॅमिंग बदललं. शून्य दाबलं की पहिल्या तीनच मिळतील, चौथी फक्त आत येणाऱ्यांसाठी. आणि बाईंसाठी नवी रीत. चौथीवर घंटी वाजली तर उचलायची. माणूस असेल तर नेहमीसारखं. बीप आली तर काहीही फिरवायचं नाही, होल्ड नाही, नुसतं ओरडायचं: "मामा, फॅक्स!" खिडकीजवळ बसलेले मामा स्टार्ट दाबतील, मशीन लाइन आपल्याकडे खेचून घेईल, बाईंनी निवांत रिसीव्हर ठेवायचा. रात्री जाताना मशीन 'ऑटो'वर. दोन घंट्यांनी आपलं आपण उचलेल.

म्हणजे एवढं सिंगापूरचं यंत्र, आणि शेवटी बाईंचा कान अन् मामांचं बोट. माझ्या मते हाच त्यातला सगळ्यात शहाणपणाचा भाग होता.

साडेबारा वाजून गेलेत. हॅम्बुर्गला सकाळचे नऊ. डबे उघडलेत, सुकटीचा वास आता उघड उघड फिरतोय, लिंबाचं लोणचं, कुणाचं तरी वरण डब्यात सांडलेलं. चौथीवर घंटी. बाईंनी घास गिळला, उचललं, एक क्षण ऐकलं आणि मोठ्यानं हाक दिली. मामा उष्ट्या हातानं धावले, डाव्या हातानं स्टार्ट दाबलं.

वाका. कान जवळ आणा. आधी लांब उंच शिट्टी, मग दोन आवाजांची झटापट, मग एकसुरी खरखर. फटीतून पांढरी कड डोकावते. सर्वांत वर बारीक अक्षरात पाठवणाऱ्याचं नाव आणि तारीख. मग रेघा, चौकटी, जहाजाचं नाव, कंटेनरचा नंबर, शेवटी कुणाची तरी तिरकी सही, इतकी स्पष्ट की शाई ओली असेल असं वाटावं. बिल ऑफ लेडिंगची प्रत. अस्सल कुरिअरनं येईल तेव्हा येईल. कस्टम फॅक्स मानणार नाही. पण बिल ऑफ एन्ट्री टाइप करायला तर बसता येईल, आणि न्हावा शेव्याला पडलेल्या कंटेनरचं भाडं रोजच्या रोज चढतंय. हेडक्लार्कांनी हात धुतले नाहीत, टॉवेलाला पुसले आणि टाइपरायटर ओढला.

कर्रक्. मशीननं कागद कापला. घ्या हातात. कोमट आहे, एका बाजूनं गुळगुळीत, आणि सारखा गुंडाळी व्हायला बघतोय. सपाट राहावा म्हणून तुम्ही जवळची पहिली जड वस्तू त्यावर ठेवता, ती म्हणजे तुमचा दुसरा कटिंग.

"अरे उचल, उचल!" दादा ओरडतात. उशीर झाला. ग्लासाखाली, कंटेनरच्या नंबराला खेटून, एक काळं कुळकुळीत वर्तुळ उमटलंय. ह्या कागदावर शाई नसतेच. कागदालाच औषध चोपडलेलं, ऊब लागली की काळं पडणारं. मशीनमधली सुईच्या टोकाएवढाली तापणारी टिंबं तेवढंच काम करतात, आणि गरम चहाही तेच करतो. नखानं जोरात ओरखडा काढून बघा, रेघ उमटेल. हेडक्लार्कांनी एकदा तुमच्याकडे, एकदा वर्तुळाकडे पाहिलं आणि मामांना म्हणाले, "खालून झेरॉक्स काढून आणा. आणि ह्याला टेबलापासून लांब बसवा."

झेरॉक्स काढायची ही सवय पुढे सगळ्या कचेऱ्यांना लागली, कारण हे औषध जसं उबेनं काळं पडतं तसंच काळानं पांढरं होतं. ज्यांनी कंटाळा केला, त्यांच्या फाइलींत आज कोरे कागद आहेत.

तुमच्या घरी, दुकानात, वडिलांच्या जुन्या पेटीत असे गुळगुळीत कागद असतील तर ह्याच रविवारी काढा. आधी मोबाइलनं फोटो घ्या. लॅमिनेशन करू नका, उष्णतेनं अख्खा कागद काळा होईल. प्लास्टिकच्या फोल्डरात ठेवू नका, सेलोटेप लावू नका. दोन्हींनी अक्षर उडतं. साधं कागदी पाकीट, कपाटाचा अंधारा खण, बस्स. आणि त्यावर चहा ठेवू नका.